वसंतभेटीतलं गाळलेलं घर

सणासुदीचा हनबोक घातलेली म्हातारी? कुठली हो? — मला नाही बाई आठवत. गेल्या आठवड्यात गुरुवारी एका दिवसात नऊ घरं केली आपण, त्यात रस्त्याकडेला कोण उभं होतं आणि कोणी काय घातलं होतं ते कोण बघत बसतंय! बसची वाट बघत असेल कुणीतरी. त्या चढावर बस येत नाही म्हणता? बरं, मग नातवाची वाट बघत असेल. अहो पाळकबाई, तुम्ही आधी बसा, अशा दारात उभ्या राहू नका, लोक म्हणतील कू जोंग-सिमनं पाळकाच्या बायकोला चर्चच्या स्वयंपाकघरात ताटकळत ठेवलं. ते स्टूल घ्या. नको, ते नको, त्याचा पाय हलतो — हे घ्या. आणि आलाच आहात तर हाताला काहीतरी काम लावून घ्या. उद्या पुनरुत्थानाचा रविवार, सहाशे अंडी आहेत, आणि ज्या बायकांनी मोठ्या हौसेनं नावं दिली होती त्यातल्या तिघी सकाळी 'आत्ता येते हं' म्हणून गेल्या त्या गेल्याच.

हे बघा, असं करायचं — उकडलेलं अंडं या प्लॅस्टिकच्या नळीत सरकवायचं, चिमट्यात धरायचं, कढत पाण्यात बुडवायचं, की प्लॅस्टिक आवळून बसतं. झालं. वर कोंबडीची पिल्लं, कोकरू, आणि 'प्रभू उठला आहे'. शी! मला तर किळस येते हो या प्रकाराची. पूर्वी आम्ही कांद्याच्या सालीत उकडायचो, पोरं रंगाच्या पेट्या घेऊन बसायची, निम्मी अंडी फुटायची, ती आम्हीच मीठ लावून खायचो — मजा होती. आता फुटलेलंही चालतं, वरून प्लॅस्टिक असतं ना, आत काय आहे ते कोण बघतंय? कोपऱ्यातली ती लिलीची फुलं बघितलीत? वेदीसाठी आणलीत. दोन घरांत भांडण झालं त्यावरून, कुणाचं नाव फुलांखाली लिहायचं म्हणून. प्रभू थडग्यातून उठला ते बाजूलाच राहिलं, हिचं नाव वर आलं की तिचं एवढंच बघायचं. मी तर म्हणते वसंत आला की आपल्या मंडळीला भक्तीचा ताप चढतो. चाळीस दिवस पहाटेची प्रार्थना, आणि हजेरीला कार्डावर शिक्का! शिक्का मारून घ्यायचा, मागच्या बाकावर बसायचं आणि सरळ झोपायचं, घोरतात हो काहीजण. ज्याचे चाळीसच्या चाळीस शिक्के त्याला उद्या टॉवेल बक्षीस. माझे एकोणचाळीस झाले — एक दिवस नातीला ताप होता — ते जाऊ दे.

आणि परवाचं पाय धुणं? तुम्ही पुढे बसला होतात म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. सोन ह्ये-रानबाईंनी सफाईवाल्या बाईंचे पाय धुतले, गुडघ्यावर बसून, डोळ्यांत पाणीबिणी आणून — सगळं चर्च हळहळलं. मी मागे उभी होते टॉवेल घेऊन. मला ठाऊक आहे ना, त्या सफाईवाल्या बाईला दुपारीच घरी बोलावून घेतलं होतं, पाय घासून घ्यायला लावले, नखं कापायला लावली, नवे मोजे दिले. म्हणजे प्रभूनं शिष्यांचे धुळीनं भरलेले पाय धुतले आणि या बाईंना साबणानं धुतलेले लागतात! आणि रात्र व्हायच्या आत फोटो फलकावर. खरंच सांगते, मी टॉवेल तिथंच टाकून बाहेर जाऊन उभी राहिले. कशासाठी चाललंय हे सगळं? मतांसाठी. मे महिन्यात मंडळीचे नवे वडील निवडायचेत ना, पुढच्या बाकावर बसून कारभार बघणारे ते, आणि यंदा पहिल्यांदाच बाईमाणसाला घेणार आहेत. एक जागा. मग काय, वसंतात फुलं कमी आणि हसणारे चेहरे जास्त! जिथं बघावं तिथं दात.

मी? नाही हो, मला कशाला पाहिजे ती खुर्ची. माझं नाव कुणीतरी सुचवलंय म्हणे, मी नको म्हटलं — म्हणजे तसं मोठ्यांदा नाही म्हटलं, पण मनात म्हटलं. बत्तीस वर्षं तिसऱ्या विभागाची प्रमुख आहे मी, या मंडळीत माझं काय काम आहे ते सगळ्यांना माहीत आहे. मला मतं मागत फिरायची गरज नाही. तशी धरली तर शंभराच्या पुढे आहेत माझ्या बाजूनं, गायनमंडळ अख्खं माझ्याकडे आहे, बाजारपेठेतल्या बायका आहेत, फक्त नव्या इमारतीतले लोक ह्ये-रानबाईंकडे जातात — पण मी काही मोजत नाही. तुम्ही ते अंडं फार वेळ धरलंत बघा, प्लॅस्टिक पांढरं पडलं. टाका, दुसरं घ्या.

पुन्हा तेच! अहो, तुम्हाला त्या म्हातारीचं एवढं काय पडलंय? — निळा हनबोक, हो, मानेपाशी पांढरी पट्टी. हात वर केला होता. बरं बाई, हो. ओळखते मी. आपल्याच मंडळीची आहे. मा यांग-गम नाव तिचं. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, थोरल्या बहिणीसारखी, मी ओन्नी म्हणते तिला. वर पाण्याच्या टाकीखाली घर आहे, रस्त्यापासून पायऱ्या आहेत — चौऱ्याण्णव. तिचे गुडघे गेले म्हणून दोन वर्षं चर्चला येत नाही. झालं समाधान? — दवाखान्यात? हो. हो, होती ना. ग्वांग्जूला, लेकीकडे. लेकीकडे म्हणजे लेकीच्या घराजवळच्या दवाखान्यात. आली असेल परत. मला काय माहीत, मी काय तिच्या घरी पहारा देते?

पाळकसाहेबांनी बुधवारी प्रार्थना केली ती ऐकली मी. अख्ख्या मंडळीपुढे नाव घेऊन — 'दवाखान्यात खाटेवर पडलेल्या आमच्या वृद्ध भगिनी मा यांग-गम हिला, प्रभो, उठव.' लोक आमेन म्हणाले. मी पण म्हटलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझेच उघडे होते, मी आपली पुढच्या बाईच्या डोक्यातली पिन बघत बसले. एवढं कशाला करायचं म्हणते मी! एका कार्डावर दोन शब्द लिहिले होते, ते तुमच्या साहेबांनी थेट व्यासपीठावर नेले. आधीच्या पाळकसाहेबांनी कार्डं कधी वाचली पण नाहीत, ते गाडीत नुसते झोपायचे आणि घर आलं की विचारायचे, 'या घरात कोण आजारी आहे?' तुमचे साहेब तरुण, सोलहून आलेले, प्रत्येक कार्ड वाचतात, खाली रेघ मारतात, आणि आता म्हणे सोमवारी ग्वांग्जूला भेटायला जायचंय, दवाखान्याचं नाव सांगा. दवाखान्याचं नाव! मी कुठून आणू नाव?

थांबा, मध्ये बोलू नका, मला सांगू दे. तुम्हाला इथलं माहीत नाही म्हणून सांगते. ही वसंतभेट म्हणजे काय वाटलं तुम्हाला — पाळक घरी आले, एक गीत म्हटलं, वचन वाचलं, घरावर हात ठेवून प्रार्थना केली, एवढंच? कागदावर तेवढंच. पत्रकात दरवर्षी छापून येतं, घरोघरी फक्त पाणी द्यावं, काही करू नये. आणि मग बघितलंत ना तुम्ही गुरुवारी? पहिल्या घरी खरबुजं आणि भाताचे लाडू, दुसऱ्या घरी कालवांची धिरडी, तिसऱ्या घरी जिवंत ऑक्टोपस कापून. पाळकसाहेबांनी चौथ्या घरी पट्टा सैल केला, सहाव्या घरी प्रार्थना करताना ढेकर आली, 'हे आमच्या स्वर्गीय—' आणि ढेकर. कोणी हसलं नाही. आणि बरोबरच्या बायका, तोंडानं गीत म्हणतात आणि डोळ्यांनी फ्रीज किती मोठा आहे ते बघतात. कुणाच्या घरात पडदे नवीन, कुणाच्या न्हाणीत ओल. दुसऱ्या दिवशी सगळं मंडळीभर. देवाच्या नावानं घरं बघत हिंडायचं, दुसरं काय आहे ते? घाण वाटते मला. आणि मी बत्तीस वर्षं त्या गाडीत पुढच्या सीटवर बसते.

आता यांग-गम-ओन्नीचं सांगते. तिच्या घरी काय असतं ठाऊक आहे? मुरवलेला पाकट मासा. तुम्ही सोलच्या, तुम्ही कदाचित नुसतं नाव ऐकलं असेल. आमच्याकडे मोक्पोत तो ताटात नसला तर लग्न झालं म्हणत नाहीत, कुणी गेलं तर मयत उचलली म्हणत नाहीत. मडक्यात पेंढ्यात घालून पंधरा दिवस मुरवायचा. उघडला की संडास धुवायच्या औषधाचा वास येतो, खोटं कशाला बोलू, डोळ्यांतून पाणी येतं, नाकातून धूर निघतोय असं वाटतं. बाकीचे लोक त्याच्याबरोबर तांदळाची दारू पितात, आपण चर्चचे, आपण कोरडाच खायचा. सोबत डुकराचं उकडलेलं मांस आणि जुनं किमची. तिच्याकडे खरबुजं नाहीत, ऑक्टोपस नाही, तिला एवढंच येतं आणि हे तिच्यासारखं अख्ख्या मोक्पोत कुणाला येत नाही. पाळक येणार म्हटलं की पंधरा दिवस आधी मडकं भरायची. दरवर्षी. जुने पाळक इथलेच होते, ते दोन बशा खायचे आणि बोटं चाटायचे. मग ते निवृत्त झाले आणि तुमच्या आधीचे आले — दीडच वर्ष टिकले ते. गेल्या वसंतात मी त्यांना घेऊन वर गेले. ते आणि त्यांची बायको आणि ह्ये-रानबाई आणि मी. ओन्नीनं ताटली पुढे ठेवली, गुडघे दुखतात तरी जमिनीवर बसून दोन्ही हातांनी. त्यांच्या बायकोनं आधी नाकाला रुमाल लावला. तेवढ्यावर भागलं असतं. पण साहेबांनी एक तुकडा तोंडात घातला, एकदा चावला, आणि उठले, आणि — अंगणात मिरचीची रोपं लावलेली होती तिनं ना, त्या वाफ्यात.

ओन्नी काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, 'माझंच चुकलं, यंदा जास्त मुरला.' आणि पाणी आणायला उठली. आणि ह्ये-रानबाई हसली. तिथं नाही, खाली गाडीत बसल्यावर. हसली ती महिनाभर हसत होती. याच स्वयंपाकघरात, याच टेबलाशी — 'तिसऱ्या विभागात वसंतभेट नाही हो, संडासभेट असते.' सगळ्या बायका खिदळायच्या. मी पण हसले. काय करणार, हसले. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे, तुम्ही असता तर तुम्ही पण हसला असता. नसता हसला? बरं, नसता.

म्हणून यंदा मी म्हटलं, नको. मे महिना तोंडावर आला, नवीन पाळक, नवीन पाळकबाई, गाडीत पुन्हा ती ह्ये-रान बसणार टिपायला. नऊ घरं चकाचक होतील आणि दहाव्या घरी तो वास. एका घरासाठी अख्ख्या विभागाचं नाव — म्हणजे माझं नाव — हो, माझं, बोलून टाकते, आता काय राहिलंय. कार्ड भरत होते मी टेबलाशी बसून. बाकीच्यांची भरली — हिच्या मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना, हिच्या सुनेला दिवस राहावेत म्हणून प्रार्थना. ओन्नीचं कार्ड हातात आलं. 'प्रार्थनेचा विषय' या रकान्यात लिहिलं, 'दवाखान्यात दाखल, ग्वांग्जू. भेट नको.' पेन अडलं पण नाही. सुरेख अक्षर आलं.

तिला कळवायला हवं होतं. तेच राहिलं. म्हणजे राहिलं नाही, टाळलं. म्हटलं ती वर एकटी राहते, खाली येत नाही, तिला कोण सांगतंय. आणि बघा माझी अक्कल — दर रविवारी चर्चचं पत्रक तिला कोण नेऊन देतं? मीच! पंधरा दिवस आधीच्या पत्रकात छापलेलं, ठळक अक्षरात, 'वसंतभेट, तिसरा विभाग, गुरुवार.' कुठलं घर कधी ते पत्रकात नसतं, नुसता विभाग. मी स्वतःच्या हातानं ते तिच्या हातात दिलं, तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, 'या वेळी कमी मुरवीन हं, जोंग-सिम. सोलची माणसं आहेत.' मी म्हटलं, हं. एवढंच म्हटलं. हं.

कोण आहे ही माझी, विचारा. विचारू नका, सांगते. मी अठ्ठावीस वर्षांची असताना माझा नवरा समुद्रात गेला, पिवळ्या माशांच्या हंगामात, बोट परत आली, तो आला नाही. प्रेत नाही तर मयताला कोण येतं? सासरची माणसं म्हणाली, सापडू दे, मग बघू. मी दोन पोरं घेऊन बंदरावर बसायचे, तीन दिवस बसले. यांग-गम-ओन्नी तिथं कोळंबी निवडायला यायची, मला ओळखत पण नव्हती. चौथ्या दिवशी ती माझ्या घरी आली डोक्यावर मडकं घेऊन. म्हणाली, 'माणूस गेला आहे तर ताट मांडायला पाहिजे.' आणि तिनं मांडलं. पाकट कापला, भात केला, शेजारीपाजारी हाका मारून आणले, जबरदस्तीनं बसवलं, आणि म्हणाली, 'खा, आणि हिच्या नवऱ्याबद्दल एकेक चांगलं बोला.' तसा माझा नवरा पुरला गेला, नुसत्या बोलण्यात. मला चर्चमध्ये कोणी आणलं? तिनं. पहाटेच्या प्रार्थनेला माझं धाकटं पोर कोण पाठीला बांधून यायचं? ती. मी गीतपुस्तक उलटं धरायचे, तिनं शिकवलं मला वाचायला. आज माझ्या सुनेच्या घरात पाकट आणू देत नाहीत, फ्लॅट आहे ना, लिफ्टमध्ये वास राहतो म्हणतात. मी पण नाही आणत. तोंडाला पाणी सुटतं आणि मी खरबूज खाते.

तर गुरुवारी. तुम्ही मागच्या सीटवर होतात, तुम्हाला ती जाता जाता बाजूनं दिसली असेल. मला समोरून दिसली. वळणावरूनच दिसली. चौऱ्याण्णव पायऱ्या उतरून आली होती ती, त्या गुडघ्यांनी, उतरायला तिला अर्धा तास लागतो, आणि चढायला — चढायचं कसं ते तिनं ठरवलं पण नसेल. लेकीच्या लग्नातला हनबोक. केस विंचरून घट्ट अंबाडा. तिला वाटलं असणार, नवीन माणसं आहेत, घर सापडायचं नाही, आपणच खाली जाऊन घेऊन यावं. हात वर केला तिनं. ड्रायव्हरनं पाय उचलला होता ब्रेककडे. मी म्हटलं, 'चल, चल, पुढे उशीर होतोय.' आणि खाली बघितलं, मांडीवर यादी होती, यादीत बघितलं. पण जाता जाता दिसलंच. ती हसली हो आधी. तिला वाटलं गाडी पुढे जाऊन थांबणार आहे, तिथं जागा बरी आहे म्हणून. ती गाडीच्या मागे चालायला लागली. आरशात दिसत होतं मला. मग वळण आलं.

बास. बघा, झाली का तुमची खात्री? तीच होती. आता हसा, नाहीतर तोंडावर थुंका, काय करायचं ते करा. मी इथं सकाळपासून सगळ्यांना नावं ठेवतेय, हिचे मोजे आणि तिची फुलं, आणि माझ्यावर प्लॅस्टिक चढवलं तर सहाशेत वेगळी ओळखू यायची नाही. रविवारी पत्रक द्यायला गेले नाही. नऊ दिवस झाले, तोंड दाखवलं नाही. मी सगळं ठरवलंय बघा — उद्याची उपासना उरकू दे, सोमवारी मी वर जाईन, टोपलीभर अंडी नेईन, सांगेन गाडी बिघडली होती, ब्रेक लागत नव्हता. म्हातारी आहे, विश्वास ठेवेल. आणि साहेबांना तुम्ही सांगा, ती दवाखान्यातून घरी आली, आता बरी आहे, जायची गरज नाही. तेवढं करा माझ्यासाठी. म्हणजे प्रार्थनेला फळ आलं असंच होईल ना? साहेबांनापण बरं वाटेल. मतदान होईपर्यंत फक्त. मग मी स्वतः त्यांना घेऊन जाईन वर, देवाशप्पथ—

काय?

काल? काल म्हणजे गुड फ्रायडेला? तुम्ही एकट्या वर गेलात? — पायऱ्या चढून? मग इतका वेळ मला बोलू का दिलंत? मी बोलू दिलं नाही, बरोबर आहे, मी कुणालाच देत नाही. भेटली? आत घेतलं? काय म्हणाली? नाही, थांबा, सांगू नका, मला माहीत आहे ती काय म्हणाली असेल, सांगितलं असेल सगळं, सांगायलाच पाहिजे, मी तिच्या जागी असते तर त्या जोंग-सिमची साल काढली असती भर चर्चमध्ये. — खायला घातलं? तुम्ही खाल्लात? तीन तुकडे? रडलात? सगळेच रडतात पहिल्यांदा. तिला आवडतं कुणी रडत रडत खाल्लं की. बरं, मग? मग काय म्हणाली?

— पुन्हा सांगा.

तुम्ही कार्डाचं विचारलंत तर दवाखान्यात होते म्हणाली? ती? 'हो, जोंग-सिमनं लिहिलंय ते बरोबर आहे, दवाखान्यातच होते, गुरुवारी सकाळीच घरी आले, घर आवरलेलं नव्हतं म्हणून मीच तिला फोन करून सांगितलं गाडी थांबवू नको' — असं? तिनंच सांगितलं असं? आणि खाली रस्त्यावर का आली होती विचारलंत? — 'नुसती बघायला. नवीन पाळकबाई दिसतात कशा ते बघायला.'

अहो, तिला खोटं बोलता येत नाही. आम्ही दोघी बाजारात मासळी विकायचो तेव्हा शिळीला शिळीच म्हणायची ती, आमची गिऱ्हाइकं घालवायची. एकदा मी म्हटलं बर्फातली आहे म्हणून सांग, तर आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. आणि काल, गुड फ्रायडेला, पाळकाच्या बायकोला समोर बसवून — तुम्हाला कळलं ना ते खोटं आहे? ती सांगत होती तेव्हाच कळलं? आणि तिलाही कळलं असणार तुम्हाला कळलंय ते. म्हणूनच काल संध्याकाळपासून फोन वाजतोय माझा. तीनदा. तिचं नाव दिसलं की मी उलटा करून ठेवला, म्हटलं शिव्या घालायला करतेय. ती सांगत असणार, 'जोंग-सिम, मी असं असं सांगितलंय, तूही तसंच सांग.' माझ्या खोट्याला तिचं खोटं जुळावं म्हणून. सत्तर वर्षांची बाई.

नको, पाळकबाई. काही बोलू नका. हात नका लावू मला, माझे हात ओले आहेत. ते राहू दे तुमच्या हातातलं, मी करते, मला करता येतं सगळं एकटीला. जा तुम्ही. साहेबांना काय सांगायचं ते सांगा, नाहीतर नका सांगू. जा म्हणते ना. आणि माझ्यासाठी प्रार्थना वगैरे मुळीच करू नका, ऐकलंत? दार ओढून घ्या.